गडद पिवळा

“सूनबाई! काय घालतेस त्यात?”

सासऱ्यांचा आवाज दारातून कडाडला आणि सूनबाईनं ड्रॉपर चटकन पाठीमागे नेला. जेवणानंतर तासभर ढाराढूर झोपणारे बाबा आज नेमके वीस मिनिटांत उठून आले होते! टेबलावर अर्धा रंगवलेला पँथर रणगाडा, शेजारी रंगाची उघडी बाटली, आणि मुद्देमालासकट पकडल्यासारखी उभी असलेली ती...

“काही नाही बाबा... रंग घट्ट झालाय असं वाटलं, म्हणून...”

“म्हणून माझ्या रंगात लुडबुड? माझ्या?” त्यांनी बाटली तिच्यापुढून ओढून घेतली. “महिनाभर एकेक कडी जोडून याच्या चाकांवरची साखळी बनवली गं मी! प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलंय. आजपासून या खोलीत पाऊल टाकायचं नाही!”

खरं काय ते ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं, ड्रॉपर खाली ठेवला आणि मान खाली घालून बाहेर पडली.

सासरे रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं रंग जुळवायच्या कामावर होते. सगळे त्यांना रंगमास्तर म्हणत. रंग मोजायचं यंत्र आलं तरी मालक नमुना आधी मास्तरांच्या डोळ्यांपुढे धरी आणि मगच यंत्राला दाखवी. निवृत्त झाल्यावर मास्तरांनी हा उद्योग मांडला. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या चिलखती गाड्या, पस्तीस पट लहान आणि तंतोतंत खऱ्या! कुठली गाडी कुठल्या महिन्यात कारखान्याबाहेर पडली, तेव्हा तिच्यावर चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून खरबरीत लेप होता की तो बंद झाला होता, मागच्या जाळीला किती पट्ट्या होत्या, सगळं जुन्या फोटोंवरून ताडून पाहत. शेजारच्या वकिलांनी एकदा “छान खेळणी आहेत” म्हटलं, तर मास्तर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

नवी नवरी असताना तिनं भीतभीत विचारलं होतं, “बाबा, इतक्या वाईट लोकांच्या गाड्या कशाला हो करता?”

ते रागावले नव्हते. “ज्यांनी त्या चालवल्या त्यांच्यासाठी नाही करत, बाळ. ज्यांच्या घरांवर त्या चालून आल्या, त्या माणसांनी काय पाहिलं, ते खोटं दाखवू नये एवढंच.” त्या दिवसापासून ती टेबलापलीकडे बसून चिमट्यानं चाकं उचलून देऊ लागली. सासूबाई गेल्यावर तर त्या दोन खुर्च्या हेच दोघांचं घर झालं होतं... आणि आज त्या घरातून ती हाकलली गेली होती.

दोन वर्षांपूर्वी एका चिलखती गाडीला पहिला हात देऊन मास्तर कौतुकानं म्हणाले होते, “बघ, हा खरा गडद पिवळा! त्रेचाळीस सालापासून सगळ्या गाड्यांना हाच लावत.” ती बघतच राहिली. गाडी ओल्या चुन्यासारखी फिकट होती! माहेरी तिच्या वडिलांनाही मोतीबिंदू होता. धुवून आणलेल्या चादरीला ते पिवळी पडली म्हणत. बाबांनाही सगळं जग पिवळटच दिसत होतं, मग बिचारे रंगात पिवळा घालतील तरी किती? थेंबभरातच त्यांना तो गडद दिसणार!

तिनं दोनदा सुचवून पाहिलं. “डोळे दाखवून येऊ या का?” असं म्हणताच मास्तर उसळले, “माझे डोळे? सगळं जाईल, पण हे डोळे नाही दगा देणार!” रंगाचा तक्ता समोर धरणंही त्यांना कमीपणाचं वाटे, गडद पिवळा त्यांच्या डोळ्यात बसलेला होता ना! तो अभिमान काढून घेतला तर या माणसाजवळ काय उरेल, या विचारानंच तिला रडू फुटलं. मग रोज दुपारी ते झोपले की ती बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटातली जुनी, चांगल्या दिवसांतली एखादी गाडी आणून बाटलीशेजारी ठेवी आणि थेंबाथेंबानं त्यांचा रंग जुळवी. दुसरा हात गडद आला की मास्तर स्वतःशीच म्हणत, “सुकला की चढतोच रंग.”

आता तेही संपलं होतं. मास्तरांनी परगावी कामावर असलेल्या मुलाला फोन करून तक्रार केली आणि नवरा तिलाच म्हणाला, “कशाला उगाच त्यांच्या वाटेला जातेस गं?” घरात सासरे “चहा हवाय” हेसुद्धा भिंतीकडे बघून सांगू लागले. बंद दारामागे पँथर पुरा होत होता आणि तो कसला रंग घेऊन प्रदर्शनात जाणार, हे एकट्या तिलाच माहीत होतं! चार जाणती माणसं हसतील... बाबांना हसतील! आपल्यावरचा आळ तिनं कसाही सोसला असता, पण हे तिला सोसवेना.

चौथ्या दिवशी तिनं डोळ्याला पदर लावला. “बाबा, डोळा फार दुखतोय हो... डॉक्टरांकडे एकटीनं जायला भीती वाटते.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण चपला घातल्या. रस्ता ओलांडताना तिचं मनगट घट्ट धरलं आणि पलीकडे पोचल्यावर तितक्याच रागानं सोडून दिलं.

“आलोच आहोत तर यांचेही बघता का?” तिनं डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं. दोन्ही डोळ्यांत चांगलाच वाढलेला मोतीबिंदू निघाला. मास्तर खूप कुरकुरले, आणि त्याच आठवड्यात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली.

पट्टी निघाली त्या दिवशी घरी आल्यावर ते तडक खोलीत गेले. मग ते पँथर दोन्ही हातांवर धरून बाहेर आले आणि काचेच्या कपाटासमोर उभे राहिले. त्यांनी उजवा डोळा मिटला, उघडला. डावा मिटला, पुन्हा उघडला. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती...

कपाटातल्या गेल्या दोन वर्षांतल्या अकराही गाड्या कशा खऱ्याखुऱ्या रंगात उभ्या होत्या! आणि हातातला एकटा पँथर पांढराफटक... फक्त यालाच तिचा हात लागला नव्हता!

“दोन वर्षं?” त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. “दोन वर्षं तू...”

“चुकलं माझं, बाबा. सांगायला हवं होतं.”

“का नाही सांगितलंस? मी तुला खोलीबाहेर काढलं, तेव्हासुद्धा?”

“तुम्ही खचला असता.”

“खचलो असतो,” मास्तर म्हणाले आणि हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. “खरंच खचलो असतो गं... आणि मी पोरीला काय काय बोललो!” त्या नव्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहू लागलं. “रडू नका ना, डोळा दुखेल!” असं दटावता दटावता ती स्वतःच हुंदके देऊ लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी स्वतः तिची खुर्ची पुसली. तिनं त्यांच्या डोळ्यात औषध घातलं. त्यानंतर पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं होतं. समोरचा पँथर नवा रंग मागत होता. तिनं बाटली उघडली, ढवळली, काडीचं टोक उजेडात धरलं.

“बाबा, रंग तयार आहे. डोळे उघडायची वेळ झाली की बघा, मगच लावते.”

चौतीस वर्षं दुसऱ्या कुणाच्या नजरेवर रंगाचा एक थेंबही पुढे जाऊ न देणारे रंगमास्तर डोळे मिटूनच खुर्चीत मागे टेकले.

“लाव, बाळ,” ते म्हणाले.