आजोबांच्या घड्याळाची पारख

"कॅप्टन, लवकर या! घड्याळवाल्या उस्ताचा खून झालाय, आणि लोक आता खुन्याला मारताहेत!"

कॅप्टन गुलसुम समरकंदच्या जुन्या बाजारात पोहोचली तेव्हा तो माणूस खरबुजांच्या ढिगात पालथा पडला होता. कुणी लाथा घालत होतं, कुणी तराजूच्या साखळीने बडवत होतं. सगळ्यांत पुढे होता शेजारचा सोनार पुलात. एकट्या माणसापुढे अख्खा बाजार शूर झाला होता! गुलसुमने हवेत गोळी झाडली, तेव्हा कुठे गर्दी मागे सरली.

पडलेला माणूस वादिम होता. सायबेरियातून आलेला, इथल्या लोबारचा नवरा. त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडली होती. डाव्या मुठीत रक्ताने माखलेलं सोन्याचं मनगटी घड्याळ होतं.

"मी नाही मारलं," एवढंच तो म्हणत राहिला.

दुकानात म्हातारा घड्याळजी, उस्ता निगमत, जमिनीवर पडला होता. त्याच्याच छोट्या ऐरणीने कुणीतरी त्याचं डोकं फोडलं होतं. एक घाव नाही, घावांवर घाव. मागचं दार सताड उघडं होतं. चहाची किटली लवंडली होती. वरच्या फळीवर, बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाशेजारी, एक नान ठेवलेला होता. गुलसुमने तो खाली काढला. तळाकडून तो रक्ताने भिजला होता.

तिच्या वडिलांचं घड्याळ आयुष्यभर याच उस्ताने दुरुस्त केलं होतं. तिला रडू फुटलं. मग तिने नाक पुसलं आणि कामाला लागली.

"पुलात-आका, काय पाहिलंत?"

"हा रक्ताने भरलेला बाहेर पळत आला. मी ओरडलो, खुनी! अजून काय पाहायचं होतं?"

"घड्याळ कुणाचं?"

"हामरोचं. वादिम घेणार होता. पट्ट्याची कडी तुटली होती, म्हणून डाग देऊन सांधायला महिनाभर माझ्याकडे होतं. सकाळी मीच उस्ताच्या हातात नेऊन दिलं, पारखायला. हामरो दुपारी आला गावाहून."

घोड्यांचा व्यापारी हामरो उंबऱ्यावर डोकं धरून बसला होता. गुलसुमला तो ओपा, म्हणजे ताई म्हणायचा.

"आजोबांना बक्षीस मिळालेलं, ओपा. सोव्हिएत काळचं सोनं, पाचशे त्र्याऐंशीचं! आताच्या पाचशे पंच्याऐंशीला त्याची सर नाही."

"अरे, आताचं जास्त शुद्ध आहे की!"

"असेल. पण आजोबांचं नाही ना!"

"मग विकत का होतास?"

"मला मूलबाळ नाही. हा म्हणाला, मुलाला देईन, मुलगा नातवाला देईल. बरं वाटलं मला."

त्या रात्री वादिमच्या कोठडीबाहेर लोबार बसून होती. तिचे दिवस भरत आले होते. उद्या वादिमला न्यायालयात नेणार होते, आणि एकदा आत गेला की बाळ मोठं झाल्यावरच तो बाहेर आला असता.

गुलसुमने त्याला चहा-नान दिला. "उस्ताशी भांडलास का?"

"ते म्हणाले, आत्ता घेऊ नकोस, मला शंका आहे. मी चिडलो. मला बाळ यायच्या आत हवं होतं. मला घरून काही मिळालं नाही, ओपा. ना वस्तू, ना बापाचं नाव. संध्याकाळी परत गेलो तर ते पडलेले. घड्याळ त्यांच्या छातीवर. का उचललं, देव जाणे."

बोलता बोलता त्याने उरलेला नान पालथा ठेवला. एक तुकडा खाली पडला, तो पायाने बाकाखाली सारला.

"ए, नानला पाय लावतोस? पडलेला नान उचलून वर ठेवायचा असतो!" शिपाई खेकसला.

"लोबारपण ओरडते," वादिम ओशाळला. "लक्षातच राहत नाही."

गुलसुमने चाकूच्या टोकाने घड्याळाचं झाकण काढलं. आत शिक्का होता, एक तारा आणि आकडा ५८५.

सकाळी तिने सगळ्यांना उस्ताच्या दुकानात बोलावलं. वादिमला बेड्या घालून आणलं. बाहेर कालचा बाजार गोळा झाला होता.

"पुलात-आका, घड्याळ तुमच्याकडे आलं तेव्हा आत शिक्का कोणता होता?"

"तारा आणि पाचशे त्र्याऐंशी. मी स्वतः कसाला लावलं. अस्सल!"

"तुमच्याकडून ते थेट उस्ताकडे गेलं? मध्ये हामरोच्या हातात नाही?"

"नाही म्हणजे नाही."

तिने झाकण उघडून त्याच्यापुढे धरलं. "वाचा."

पुलातने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"त्र्याऐंशी सोव्हिएत काळात मारत. देश फुटल्यावर पंच्याऐंशी आलं. तुम्ही आतलं यंत्र तेच ठेवलंत, डबी मात्र पितळेची केलीत आणि वर सोन्याचा मुलामा दिलात, चाकूने खरवडून पाहिलंय मी. शिक्का मारताना हात रोजच्या सवयीने पंच्याऐंशीवर गेला. उस्ताने झाकण उघडलं आणि तुम्हालाच बोलावलं. शेजारी ना तुम्ही! अब्रू जाईल म्हणून तुम्ही ऐरण उचललीत. तेवढ्यात वादिमची पावलं वाजली. मागच्या दाराने पळालात, वळसा घालून पुढे आलात आणि खुनी खुनी म्हणून बोंब ठोकलीत."

"डबी बदलली असेन! पण खून यानेच केलाय. घड्याळ याच्या मुठीत होतं!"

"आणि नान? तो रक्त सांडल्यावर खाली पडला, म्हणून तळाकडून भिजला. उस्ता तेव्हा मेला होता. मग तो उचलून फळीवर ठेवला कुणी? या वादिमने? हा तर नानला लाथाडतो!"

"मग काय रक्तातच राहू द्यायचा होता?" पुलात किंचाळला. "नान आहे तो! मी काय जनावर आहे?"

मग पुलातने फळीवरची कानस ओढली आणि गुलसुमवर झेप घेतली. हामरोचा चाबकाचा दांडा मध्येच त्याच्या तोंडावर बसला. दात फुटले. हामरोचा दुसरा घाव गुलसुमने अडवला, तोही जरा सावकाशच.

"माझ्या आजोबांचं सोनं कुठाय?" हामरोने विचारलं.

"वितळवलं," पुलात रक्त थुंकत म्हणाला. हामरो लहान मुलासारखा रडायला लागला.

गुलसुमने वादिमच्या बेड्या काढल्या. "घड्याळ गेलं रे तुझं."

"घड्याळ राहू दे, ओपा." त्याने दाराबाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. सुजलेले ओठ नीट हलत नव्हते. "बाहेर जाऊन सांगा, मी मारलं नाही म्हणून. मोठ्याने सांगा. माझा मुलगा याच बाजारातून हिंडणार आहे."

गुलसुमने त्याचा धड असलेला डावा हात धरला, खरबुजवाल्याच्या ओट्यावर चढली आणि एकेका दुकानदाराला नाव घेऊन हाका मारायला लागली.