ढालीवरचा विळा

शेगावहून संग्रामपूरला येणाऱ्या एसटीत त्या दिवशी माझ्या शेजारची जागा एका देवाने अडवली होती.

निदान सगळ्यांना तरी तो देवच वाटत होता. तीन फूट उंच, गोधडीत गुंडाळलेला, सुतळीने करकचून बांधलेला. आणि त्याला दोन्ही हातांनी सावरत बाजूला उभा असलेला एक उंच, सावळा तरुण. दिवाळीची गर्दी, गाडीत पाय ठेवायला जागा नाही, तरी त्या गोधडीला कुणी हलवेना. पुढच्या सीटवरच्या एका म्हातारीने तर वळून हात जोडले, पिशवीतलं झेंडूचं फूल काढून गोधडीवर ठेवलं आणि कोणता देव आहे म्हणून विचारलं.

तो बिचारा गोंधळला. खरं सांगावं तर म्हातारीचं मन मोडणार... खोटं बोलावं तर जीभ वळत नाही. शेवटी हळूच म्हणाला, "शाळेचा आहे, आजी."

मी ओढणीत तोंड लपवलं, पण खांदे हलतच राहिले.

"हसता काहून?" त्याने खालच्या आवाजात मला विचारलं.

"देवाले मांडीवर घ्या अन् बसा तुम्ही," मी म्हणाले. "मी नाई सांगणार कोनाले."

तो बसला. वरवट बकाल येईपर्यंत रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला ती गोधडी माझ्या खांद्याला लागायची आणि प्रत्येक वेळी तो सॉरी म्हणायचा. आतून ताज्या सागवानाचा वास येत होता. बोलणं झालं ते एवढंच, की तो धाडचा आहे आणि त्यांच्याकडे 'मले' नाही, 'मला' म्हणतात. संग्रामपूरला उतरून मी सोनाळ्याची जीप पकडायला धावले. नाव विचारायचं राहिलं, हे जीप सुटल्यावर लक्षात आलं. मग घरी पोहोचेपर्यंत उगाच स्वतःवर चिडत राहिले.

दुसऱ्या दिवशी संग्रामपूरला शाळेत गेले, तर चित्रकलेच्या खोलीत तोच देव भिंतीला टेकून उभा. गोधडी उतरलेली. समोर पटाशी आणि हातोडी घेऊन तो बसलेला.

ती ढाल होती. आमच्या शाळेचं बोधचिन्ह. वर उघडं पुस्तक, खाली सातपुड्याची रांग, डावीकडे फुटलेलं कापसाचं बोंड आणि उजवीकडे विळा. शाळेला पन्नास वर्षं होत होती. नोव्हेंबरच्या अखेरीस मोठा कार्यक्रम, आणि त्या दिवशी ही ढाल मुख्य दारावर लागणार. कोरणार धाडचा गोकुळ, रंगवणार मी. मी तीन वर्षांपासून तिथे तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवत होते. यंदा तरी कायम करतील, या आशेवर सांगितलेलं प्रत्येक काम मुकाट्याने करायचे. रांगोळ्या, फलक, अध्यक्षांच्या वाढदिवसाचं बॅनरसुद्धा.

"म्हणजे पेंटर तुम्हीच?" तो म्हणाला.

"अन् देवाचे पुजारी तुम्ही," मी म्हणाले.

ढोबळ काम त्याने घरीच केलं होतं, बारीक कोरणं इथे करायचं होतं. सुट्टीमुळे शाळा रिकामी. त्याच्या हातोडीचा टकटक आवाज तेवढा वऱ्हांड्यात घुमायचा. एक भाग कोरून, घासून झाला की मी त्यावर पांढरं अस्तर द्यायचे, ते वाळलं की रंग. हात चालवता चालवता तो गोष्टी सांगायचा. घरी तीन एकर शेत आणि आई. कोरीव काम तो बुलढाण्याच्या एका जुन्या कारागिराकडे शिकला. पोलीस ठाण्याची चिन्हं कोरली, कॉलेजांची कोरली, बंगल्याच्या फाटकावर लावायला लोकांची कुलचिन्हंही कोरली. एका गृहस्थाला दोन सिंह, एक हत्ती, मुकुट आणि वर गरुड हवा होता. एवढं सगळं बसवल्यावर आडनाव लिहायला जागाच उरली नाही. मी इतकी हसले की कुंचला अस्तरावर पडला.

भुकटी फुंकताना तो मान पलीकडे वळवायचा, माझ्यावर उडू नये म्हणून. मी ते बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे.

एकदा माझ्याकडे बराच वेळ पाहून तो म्हणाला, "तुमच्या गालावर सातपुडा लागलाय."

"कुठी?"

"राहू द्या... बरा दिसतो."

मी पुसला नाही. सोनाळ्यापर्यंत तसाच हिरवा गाल घेऊन गेले.

पण तिसऱ्याच दिवशी त्याने सहज सांगून टाकलं की डिसेंबरच्या एक तारखेला त्याला देहरादूनला हजर व्हायचं आहे. तिथल्या एका कारखान्यात सैन्याच्या पलटणींची चिन्हं लाकडात कोरतात, तिथे त्याला काम मिळालं होतं. सांगताना त्याचे डोळे चमकत होते. मी छान म्हणाले आणि स्वच्छ धुतलेला कुंचला पुन्हा धुवायला नळावर गेले.

त्या दिवसापासून मला काही धड सुचेना. घरी असले की शाळेत जावंसं वाटे, शाळेत गेले की खिडकीशी जाऊन उभी राही. चहा गार व्हायचा, रंग डब्यात सुकायचा. आईने दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून. बरं होतं... फक्त एका जागी बसवत नव्हतं.

अशातच एका सकाळी संस्थेचे अध्यक्ष भगवानराव ढाल बघायला आले. मागे हात बांधून त्यांनी सगळं पाहिलं, कामाचं कौतुक केलं आणि विळ्यापाशी थांबले. कार्यक्रमाला मोठमोठे पाहुणे येणार, ते काय म्हणतील, शाळा काय गवत कापायला शिकवते? विळ्याची तलवार करा, असं त्यांनी सांगितलं. पातं तसंही वाकडंच आहे, दांते काढले, मूठ बदलली की झालं. जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाले की जानेवारीत मला कायम करायचा प्रस्ताव बैठकीत ठेवणार आहेत.

ते गेल्यावर गोकुळने पटाशी खाली ठेवली. "तुम्ही सांगा. शाळा तुमची आहे. हा विळा कशाचा आहे?"

मला माहीत नव्हतं. शाळेची जमीन सोनाळ्याच्या जनकाबाईंनी दिली, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. चिन्हात विळा का, हे कधी कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. माझ्या डोळ्यांसमोर जानेवारीची बैठक होती.

"करून टाका तलवार," मी म्हणाले.

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला. त्या दिवशी पुन्हा एकही गोष्ट सांगितली नाही.

मग पाडवा, भाऊबीज आली. दोन दिवस मी घरी होते, आणि ते दोन दिवस सरता सरेनात. फराळ गोड लागेना. त्याचं ते 'बरं' कानातून जाईना. शेवटी भाऊबीजेच्या दुपारी उठले आणि दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या जनकाबाईंकडे गेले. थकल्यावर त्या संग्रामपूरहून माहेरी, भाच्याकडे येऊन राहिल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण नजर शाबूत. ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. मी शाळेचं नाव काढलं, विळ्याचं विचारलं.

त्यांनी जुडी बाजूला ठेवली आणि सांगू लागल्या. नवऱ्यामागे त्यांनी त्या जमिनीवर भाजीपाला पिकवला. मूलबाळ नव्हतं, म्हणून जमीन शाळेला दिली. कागदावर अंगठा दिला तेव्हा संस्थेचे लोक म्हणाले, तुमचं नाव दारावर लिहू.

"म्या म्हनलं, नाव लिहून काय करता? मले कुठी वाचता येते?" जनकाबाई म्हणाल्या. "विळा काढा म्हनलं. माह्या हातातला. थो मले वळखता येईन. येताजाता पाहीन अन् समजीन, हे आपलं हाये."

मी उठले ती चपलासुद्धा नीट न घालता जीपकडे धावले. सणाचा दिवस, जीप भरल्याशिवाय निघेना. मी ड्रायव्हरला चारदा विचारलं, कधी निघता म्हणून. शाळेशी उतरले तेव्हा मनात एकच धाकधूक, तो धाडला गेला असू दे, खोलीला कुलूप असू दे, विळा तसाच असू दे.

कुलूप नव्हतं. आतून काचकागद घासल्याचा आवाज येत होता.

तलवार पूर्ण झाली होती. देखणी, बारीक मुठीची. मी दारातच थांबले.

"झालं," तो मान वर न करता म्हणाला. "तुम्ही म्हणाल्या तसं."

मी तिथेच बाकावर बसले आणि जनकाबाईंचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. काचकागद कधीच हातातून खाली पडला होता.

"मला वाटलं होतं, त्या दिवशी तुम्ही नाही म्हणाल," तो म्हणाला.

"मले बी वाटलं होतं," मी म्हणाले.

मग मीच उठले आणि भगवानरावांच्या घरी गेले. पाहुण्यांनी घर भरलेलं, पण मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले की पत्रिकेवर तलवारीचं चिन्ह छापायला गेलं आहे, माझा प्रस्ताव मांडायचा आहे, मी विचार करावा. मी म्हणाले, विचार करूनच आले. विळा राहील. त्यांनी हात झटकला. काय करायचं ते करा, पण जबाबदारी तुमची. जानेवारीच्या बैठकीत माझं नाव येणार नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं. गंमत म्हणजे, परत येताना पावलं हलकी पडत होती.

तलवारीचा पुन्हा विळा होत नाही. कमी झालेलं लाकूड कुठून आणायचं? गोकुळने तो सगळा भाग चौकोनी खोदून काढला, तेवढ्याच मापाचा सागवानाचा तुकडा रेषा रेषेला मिळवून बसवला. सरस वाळायला दिवस, पुन्हा कोरणं, पुन्हा अस्तर. एक तारीख गाठता येणार नव्हती. त्याने देहरादूनला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, सात तारखेपर्यंत वाट पाहू, मग दुसरा बघू. मी म्हणाले, तुम्ही जा, राहिलेलं मी कसंतरी करते. त्यावर तो म्हणाला की पटाशी माझ्या हातात दिली तर विळ्याचा भोपळा होईल.

आता शाळा भरत होती. तास संपले की मी खोलीकडे पळायचे. जनकाबाईंचा खरा विळा मी एक दिवस मागून आणला. त्याच्या मुठीला घासून घासून पडलेली खोलगट जागा होती, गोकुळने तीसुद्धा कोरली. त्या पात्याला मी चंदेरी वर्ख लावला तेव्हा वर्ख उडू नये म्हणून आम्ही दोघं श्वास रोखून, डोक्याला डोकं लावून उभे होतो... वर्ख बसला, तरी कुणीच मागे सरकलं नाही.

कार्यक्रमाला जनकाबाई ऑटोत बसून आल्या. भाषणं चालू असतानाच त्या उठल्या, दाराखाली जाऊन वर पाहू लागल्या. खूप वेळ पाहिलं. मग शेजारी उभ्या असलेल्या पाहुण्यांना सांगितलं, "हे माह्यं हाये." पाहुण्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला. पाहुण्यांचं बघून भगवानरावांनीही केला.

दुपारी मंडप उतरत होता. गोकुळ खोलीत अवजारं कापडात बांधत होता. मी दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत चालत होते.

"देहरादूनले पेंटर लागतात काय?" मी विचारलं.

"लागतात. पलटणींच्या चिन्हांत रंग फार." त्याने गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "पण मी तुम्हाला कामासाठी नाही विचारणार."

"मंग कशासाठी विचारता?"

त्याने गाठोडं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "ती तलवार दोन तासांत झाली असती. मी दोन दिवस घासत बसलो. सणाला घरी नाही गेलो... आई रागावली. वाटत होतं, तुम्ही याल. याल अन् नको म्हणाल."

"उशीर केला मी."

"आल्या ना पण."

बाहेर कुणीतरी खुर्च्यांचे ढीग लावत होतं. माझे कान तापले होते. त्याने विचारलं, तुमच्या बाबांशी बोलू का.

"बोला," मी म्हणाले. "पन आजच बोला. मले आता थांबता येत नाई."

माझे बाबा, वामनराव, संत्र्याच्या बागेत होते. ऊन कलत होतं. गोकुळ त्यांच्या पाया पडला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. बाबांनी फांदीला टेकू लावता लावता ऐकलं. काय करता विचारलं. त्याने सांगितलं, लोकांच्या घराण्याच्या खुणा कोरतो.

"अन् तुमचं घरानं?"

"तीन एकर. एक विहीर. अन् आई."

बाबांच्या मिशीत हसू आलं की मला तसं वाटलं, कोण जाणे. ते माझ्याकडे वळले. "तू काय म्हनतं, समीक्षा? दूर हाये देहरादून. इथली शाळा बी सुटीन."

तोपर्यंत आयुष्यात कुणीही काही विचारलं की आधी मी समोरच्याचा चेहरा बघायचे. त्यांना काय हवं आहे, ते बघून बोलायचे. त्या दिवशी मी बाबांकडे पाहिलं नाही, गोकुळकडेही नाही.

"मले जायचं हाये, बाबा," मी म्हणाले. "याच्यासंग."

बाबांनी टेकू घट्ट केला, हात झटकले. "गाडी कधीची हाये तुमची?" त्यांनी गोकुळला विचारलं.

"पाच तारखेची."

"मंग उद्याच घेऊन या मायले," बाबा म्हणाले, आणि पाटाच्या पाण्याचं दार पाहायला बागेच्या पलीकडच्या टोकाला निघून गेले.

आम्ही दोघं झाडांमध्ये उभे राहिलो. मग गोकुळने माझा हात धरला. लाकडाने खरबरीत झालेला त्याचा तळवा मीही घट्ट धरला.