डाव्या बाहीचे पाऊच

"अहो... थांबा! ते माझं आहे!"

कात्री थांबली खरी, पण फार उशीर झाला होता. जॅकेटची पाठ केव्हाच चौकोनी तुकडे होऊन टोपलीत जाऊन बसली होती. उजवी बाही संपली होती, डावी कोपरापर्यंत आली होती. दारात एक उंच माणूस उभा – केसांत लाकडाचा भुसा, हातात रंधा, आणि चेहऱ्यावर राग... नव्हताच. रागावला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"खुर्चीवर जुन्या जीन्सचा ढीग होता," मी म्हणाले. "मला वाटलं, हेही त्यातलंच."

"जॅकेट मी आधी ठेवलं होतं. ढीग नंतर आला."

"मग ढिगाखाली ठेवावं कशाला माणसाने!"

बघा, चूक माझी आणि आवाजही माझाच चढलेला. माझ्या जिभेला हाड नाही असं आत्या म्हणते ते काही उगाच नाही.

आत्या या शाळेची मुख्याध्यापिका. यंदा तिने सगळ्या पालकांना बजावलं होतं – शाळा उघडणार म्हणून बाजारात पळू नका, आधी घरातली कपाटं उघडा. मोठ्यांचे गणवेश धाकट्यांना. उसवलेली दप्तरं शिवून घ्यायची, जुन्या वह्यांची कोरी पानं काढून नव्या वह्या बांधायच्या, आणि विटलेल्या जीन्सचे पेन्सिली ठेवायला पाऊच. मी शिवणकाम करणारी, त्यामुळे सुट्टीभर माझं मशीन शाळेच्या हॉलमध्ये येऊन बसलं. मोडके बाकही फेकायचे नव्हते. खिळखिळ्या कपाटांच्या फळ्या वापरून ते उभे करायला आत्याने बाहेरगावचा सुतार बोलावला होता. तो हा.

"नवं शिवून देते," मी म्हणाले. "याच ढिगातून."

"तुकड्यांचं?"

"तुकड्यांचंच. लाज वाटत असेल तर सांगा."

"उलट," तो हसला, "इतके दिवस एकाच रंगाचा होतो, कंटाळलो होतो."

मी टेप काढली. खांदे मोजले. मग छाती. त्याच्या अंगाला ताज्या लाकडाचा वास येत होता. टेपचं टोक धरायला मला दोन्ही हात त्याच्या पाठीमागे न्यावे लागले.

"श्वास सोडा," मी म्हणाले. "नाहीतर ढगळ होईल."

"तुम्हीही सोडा," तो हळूच म्हणाला. "मघापासून धरलाय."

मी माप लिहायलाच विसरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावं लागलं!

त्यानंतरच्या दुपारी कशा गेल्या, सांगता येत नाही. हॉलच्या उंच खिडक्यांतून ऊन तिरपं आत यायचं आणि त्यात भुसा तरंगत राहायचा. एका कोपऱ्यात रंध्याची सरसर, दुसऱ्यात माझ्या मशीनची घरघर. मी थांबले की तोही थांबायचा. मी उगाचच थांबायचे. कधी रंध्यातून निघालेली लाकडाची पातळ कुरळी साल तो माझ्या मशीनवर आणून ठेवायचा. मी ती केसांत खोचायचे आणि दिवसभर डोकं जपून हलवायचे.

"बाही जरा लांब वाटते," तो जॅकेट घालून बघायचा.

"काल आखूड वाटत होती."

"माणूस वाढतो."

"या वयात?"

"सोबत चांगली असली की वाढतो..."

आत्या एकदा दारात उभी राहून म्हणाली, "बाई गं, एवढ्या वेळात मी सगळ्या शाळेला स्वेटर विणले असते." माझे कान तापले. त्याने मात्र रंधा उलटा धरला होता, तेही त्याला कळलं नाही.

मग एका संध्याकाळी, खिळे गोळा करता करता तो म्हणाला, "किनाऱ्यावर बोटी बांधायचं काम आलंय. शाळा उघडेल त्या सकाळची बस आहे. मोठं काम आहे... परत कधी येणं होईल, कोण जाणे."

"छान," मी म्हणाले आणि सुई बोटात घुसवली.

जी जीभ गिऱ्हाइकाला भ्यायली नाही, आत्याला भ्यायली नाही, ती नेमकी तेव्हा टाळ्याला चिकटली. जाऊ नका – एवढंच तर म्हणायचं होतं! दोन शब्द. तेही निघेनात.

शेवटच्या दिवशी जॅकेट त्याला दिलं. फिका निळा, गडद निळा, काळपट, सगळे तुकडे एकमेकांत छान मिसळले होते. त्याने ते घातलं. मी वाट पाहत राहिले... आता म्हणेल, बाही लांब आहे.

"बरोबर बसलंय," तो म्हणाला. हत्यारांची पेटी उचलली आणि गेला.

जॅकेटला आतून एक खिसा होता. त्याबद्दल सांगतेच.

शाळा उघडली. कुणाचा शर्ट गुडघ्यापर्यंत, कुणाच्या दप्तराला तीन रंगांचे पट्टे, आणि पोरं अशी मिरवत होती की विचारू नका. मी दारात उभी होते. बस सुटून गेली असणार, हे मला घड्याळ न बघताही कळत होतं.

"पहिलीतला मागचा बाक डुगडुगतोय!" आत्या वर्गातून तणतणत आली. "सगळे बाक एकदम पक्के आणि हाच कसा लंगडा? बोलाव त्या सुताराला!"

"तो गेला, आत्या."

"मग तो कोण आहे?"

फाटकात तो उभा होता. हातात हत्यारांची पेटी, अंगात माझं जॅकेट. मी धावलेच, चक्क.

"खिशाला तळ नाही," तो म्हणाला. "आधी पेन्सिल पडली. मग किल्ली. बसच्या दारात तिकीट पडलं. उचलायला वाकलो... आणि म्हटलं, जिचा एक टाका वाकडा जात नाही, ती खिशाचा तळ शिवायला विसरते?"

"विसरले नव्हते." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आणि तो बाक?"

"तो पाय मीच आखूड तासलाय." त्याने मान खाली घातली. "काम अर्धवट सोडायची सवय नाही मला. पण पूर्ण केलं असतं तर परत कुठल्या तोंडाने आलो असतो?"

"चोर कुठले! मला आवडता तुम्ही," मी म्हणून टाकलं. "जाऊ नका. बोटी दुसरं कुणीही बांधेल."

तो काही बोलणार, तेवढ्यात पहिलीतली एक चिमुरडी आमच्या मधूनच पळाली. तिच्या हातातला पाऊच मी लगेच ओळखला. कोपराकडचा घासून पांढरा पडलेला भाग नेमका मधोमध आला होता. तो तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळला.

"जाईन कसा?" तो म्हणाला. "माझी डावी बाही अजून पहिलीत आहे."