ताईच्या दिवाणावरची सभा

"काही झालं तरी ती इमारत उभी राहू द्यायची नाही!" अध्यक्षांनी मूठ आपटली ती ताईच्या दिवाणावर... आणि चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या ताईला वाटलं, आता आपण इथंच कोसळणार! दिवसभर इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालून शिणलेल्या त्या जिवाला फक्त पाठ टेकायची होती, आणि पाठ टेकायच्या नेमक्या त्याच जागेवर कॉलनीतले घरमालक मांडी ठोकून बसले होते!

अध्यक्ष म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर तिने शाळा सोडली, स्वतःच्या लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नाही, त्याला शिकवलं, आणि होतं नव्हतं ते या घरात घातलं. तिच्या वाट्याला आला हॉलमधला दिवाण. भाऊ वाईट नव्हता हो. पण खोल्या दोनच आणि मुलं वाढती.

कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत गरिबांना परवडतील अशी घरं होणार होती. ती होऊ नयेत म्हणून ही सभा.

"आपल्या घरांना कुत्रं विचारणार नाही," निवृत्त मास्तर म्हणाले.

"आणि पाणी? आताच नळ रडतात!" औषधांच्या दुकानदाराने री ओढली.

"फुकटाची चटक लागलेली माणसं येतील," भाऊ म्हणाला. "आमच्या ताईकडे बघा! जन्मभर राबली, पण कुणापुढे हात पसरला नाही. सांग ना गं, ताई!"

सगळे कौतुकाने तिच्याकडे बघू लागले. एरवी ती गप्प बसली असती... आजवर बसलीच होती! पण आज गप्प बसायलाही अंगात त्राण नव्हतं.

"तिथं मीही घर मागितलंय रे," ती म्हणाली.

चहा तसाच ठेवून मंडळी एकेक करून उठली. भाऊ मात्र जागचा हलला नाही.

"का, ताई? हे घर तुला आपलं वाटलं नाही?" त्याने विचारलं.

"वाटलं रे राजा, म्हणून तर बोलले नाही... पण पाहुणा उठेपर्यंत मला आडवं होता येत नाही. अंग ठणकलं तरी कण्हता येत नाही, मुलांचा अभ्यास चाललेला असतो. थकले रे मी आता!"

"मी विरोध सोडतो! उद्याच सगळ्यांना सांगतो."

"सांग. पण इतके दिवस तूच त्यांना पेटवलंस, आता तुझं ऐकतील का?"

डोळे पुसत त्याने स्वतःच्या हाताने दिवाणावर धुतलेली चादर अंथरली, तिला निजवलं आणि पायाशी बसून लहानपणीसारखं विचारलं, "झालं तुझं घर, तर मला येऊ देशील?"

ताईने डोळे मिटले.

"ये की! पण दार वाजवून ये हं... मी झोपलेली असेन."