रांगेतले एक हजार

बांद्याच्या टेकडीवरच्या खेळरचना कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी बनवलेले खेळ माणसं खेळत नसत. माणसांना वेळ लागतो, ती मध्येच चहाला उठतात आणि ओळखीच्या पोरांना सांभाळून घेतात. म्हणून परीक्षेला प्रतिमनं बसवली जात. प्रतिमन म्हणजे माणसाच्या मनाची संगणकात उतरवलेली प्रत. डोक्यावर टोप चढवून वीस मिनिटं स्वस्थ बसलं की काम झालं. अशी हजार प्रतिमनं खेळात सोडायची आणि सात दिवसांनी आत किती उरली ते मोजायचं. त्या आकड्याला टिकाव म्हणत, आणि टिकाव हाच निकाल.

चैत्राली आरोंदेकरला या सगळ्याची शिसारी होती. शेवटच्या वर्षात ती दोनदा आपटली होती आणि तिसऱ्यांदा आपटणाऱ्याला कॉलेज घरी पाठवत असे. तिचे खेळ वाईट नव्हते. ते संपायचे, एवढाच त्यांचा गुन्हा. खेळ संपला की प्रतिमनं उठून जात आणि टिकाव शून्यावर येई. तिच्याच वर्गातला एक दिवटा नुसते रंगीत फुगे फोडायला लावून साडेआठशे टिकाव मिळवून बसला होता, आणि प्राध्यापक मंडळी त्याच्या संवेदनशीलतेवर व्याख्यानं झोडत होती.

"थांबा, तुमची लायकीच दाखवते," असं म्हणत तिने एका दुपारीत 'रांग' बनवला. खेळाडूने रांगेत उभं राहायचं. पुढे किती जण आहेत तो आकडा डोक्यावर दिसायचा. तो एकेकाने उतरायचा आणि मध्येच दोनचारने चढायचा. रांगेच्या टोकाला खिडकीसुद्धा नव्हती, कारण ती काढायचे कष्ट कोण घेणार? परीक्षेच्या नियमाप्रमाणे आत शिरताना प्रत्येक प्रतिमनाला दोन गोष्टी सांगितल्या गेल्या: खेळ कोणी रचला, आणि आपण बाहेर पडलो तर रचणाराचा एक गुण जातो.

सात दिवसांनी हजारच्या हजार रांगेत उभे होते.

परीक्षकांनी 'समकालीन जगण्यावरचं जळजळीत भाष्य' असा शेरा मारला आणि चैत्राली पहिली आली. पदक घ्यायला व्यासपीठावर चढताना तिला हसू आवरेना. शेळ्यामेंढ्यासुद्धा गवत नसेल तिथून हलतात, असं ती मैत्रिणींना सांगत सुटली. तिला परीक्षकांची कीव येत होती आणि त्या हजार रिकामटेकड्यांची त्याहून जास्त.

तीन महिन्यांनी वार्षिक प्रदर्शन भरलं. आरोंद्याहून तिचे वडील गोपाळराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. विहिरींचे पंप दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. भिंतभर पडद्यावर 'रांग' अजून चालूच होता. शेजारी डॉ. श्रीरंग टिळवे उभे होते. प्रतिमनाचा शोध यांचाच, आणि तो सांगायची हौसही यांनाच.

"ह्या हजारांत मीय आसंय," गोपाळराव कौतुकाने म्हणाले. "चेडवाच्या ह्या वर्साच्या ॲडमिशनाच्या टायमाक माजी कॉपी घेतल्यानी."

चैत्रालीने मान वळवली. पालकांची प्रतिमनं कॉलेज घेतं हे तिला माहीत होतं. ती आपल्या खेळात असतील हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"परीक्षा कधीच संपली. अजून चालू कसं?" तिने टिळव्यांना विचारलं.

"कायदा आहे. प्रतिमन स्वतःहून बाहेर पडेपर्यंत त्याला बंद करायचं नाही. ते आत असताना खेळ थांबवायचा नाही, बदलायचाही नाही. एरवी आठ-दहा दिवसांत सगळी कंटाळून निघून जातात. तुझ्या खेळाने कमाल केली!"

"त्यांका भूक लागता?" गोपाळरावांनी विचारलं.

"छे हो! भूक, झोप, दुखणं सगळं गाळलंय. कंटाळा तेवढा पुरेपूर ठेवलाय. तोच तर मोजायचा असतो."

"म्हणजे तीन महिने तो हय कंटाळता?"

टिळव्यांनी आनंदाने मान डोलावली. "आणि तरी जात नाही. हाच तर शोध आहे!"

या माणसाच्या थोबाडीत द्यावी असं चैत्रालीला वाटलं. पण खेळ त्याने रचला नव्हता. तिने यादी काढली. गोपाळ आरोंदेकर, पुढे चारशे अकरा. समोरच्या माइकवरून आतल्याशी बोलता येत असे. तो तिने वडिलांच्या हातात दिला.

"रे गोपाळा," ते स्वतःलाच म्हणाले, "मी भायरसून बोलतंय. चल, घराक जावया. हय कायेक नाय. फुडे खिडकीय नाय."

"म्हायत आसा माका," आतून त्यांचाच आवाज आला, फक्त दमलेला. "पयल्याच दिसा समाजला. खूप कंटाळो येता रे. पण चेडवान केल्लो खेळ. मी गेलंय तर तिचो एक मार्क जातलो. दोनदा नापास झाली बिचारी."

चैत्रालीने माइक ओढून घेतला. "बाबा, मी पास झालंय! पयली इलंय! निकाल कधीच लागलो, तुमी भायर येवा!"



"असा सांगूनच रांगेतसून भायर काढतत," तो आवाज म्हणाला. "माजा चेडू पेपर देता हा. तिका असा खोटा बोलूक येणा नाय. कोण गो तू?"

ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. लहानपणीची नावं सांगितली, आईचं नाव घेऊन शपथ घातली, शेवटी रडली. पडद्यावर त्याच्या डोक्यावरचा आकडा चारशे दहा झाला आणि तो एक पाऊल पुढे सरकला.

गोपाळरावांनी तिच्या हातातून माइक हळूच काढून जागेवर ठेवला.

"रवांदे," ते म्हणाले. "माका मी वळाखतंय. तो येवचो नाय."