थांबलेल्या प्रिंटरमधलं शेवटचं पान

"तुबानं प्रिंटर बंद पाडला!" खुशालराव दारातूनच गरजले. "मी पोलिसात देऊन राहिलो तिले. पण आधी तुमी पाहून घ्या, रजियाबी."

रजियाबींनी चष्मा वर ढकलला. त्यांचा टायपिंगचा क्लास केव्हाच बंद पडला होता, पण बार्शीटाकळीत कोणाचंही काही अडलं की पाय त्यांच्याच दाराशी वळत. रागिणी त्यांची शागीर्द. दहावीत होती, जोरात बोलायची आणि चुकीचा निष्कर्ष सगळ्यांच्या आधी काढायची.

"बी, मले पटते. तुबाच!" ती म्हणाली.

खुशालरावांचं शेतकरी माहिती केंद्र बाजारात होतं; तिथलं संगणकाचं काम तुबा बघायची. त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला होता आणि नुकसानीचे अर्ज छापून घ्यायला केंद्रासमोर माणसं ताटकळत होती. प्रिंटर मात्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून मुका.

"तुबावरच शक कावून?" रजियाबींनी विचारलं.

"तिनंच तर लिनक्सवर प्रिंटर बसवला. मंगळवारी मी आलो तं हे काळ्या पडद्यावर खटाखट टाईप करून राहिली होती. पडद्यावर काय? परवानगी नाकारली! अनुभवाचा दाखला मांगत होती, परवा अकोल्याले मुलाखत होती म्हणून. म्या हाकलली."

"मुख्य पासवर्ड कोणाजवळ?"

"माह्याजवळ."

केंद्रात पोचल्यावर रजियाबींनी प्रिंटर जरा उचलला. खालच्या पट्टीवर कुंकू होतं, कागदाच्या खोबणीत झेंडूची पाकळी.

"पूजा कोणी केली?"

"म्या," खुशालरावांच्या पत्नी, दुर्गाबाई, पदर सावरत म्हणाल्या. "दसऱ्याले यंत्राची पूजा नाई करायची का? पाटावर ठेवाले वायर काढली, अन् मंग जशीच्या तशी लावली. हे रागिणी सोनं द्यायले आली होती. हिले इथं बसवून मी प्रसाद आणाले मागं घरात गेली होती."

रागिणीचे कान एकदम गरम झाले.

रजियाबींनी खुशालरावांकडून पासवर्ड टाकून घेतला आणि प्रिंटरची हालहवाल मागितली. पडद्यावर ओळ उमटली : सोमवार, सकाळी दहा वीसपासून थांबलेला.

"सोमवारी दसरा. तुबा कुठं होती?"

"मामाच्या घरी, अकोल्याले," खुशालराव पुटपुटले. "रोजे चालू होते."

"मंग ऐका, भाऊ. वायर निघालेली असताना कोणी छापाचा हुकूम दिला. समोर यंत्रच नाई, म्हणून लिनक्सनं प्रिंटर थांबवला. वायर परत लावली तरी तो आपोआप सुरू होत नाई, चालू करा म्हणून सांगावं लागते. तुबा तेच सांगत होती. पण त्याले मुख्य पासवर्ड लागते. परवानगी तिलेच नाकारली होती. कुलूप लावणारा स्वतः दारावर धक्के मारत नाई."

"पण हुकूम दिला कोणी?"

"यंत्राले खोटं बोलता येत नाई." रजियाबींनी थांबलेल्या कामांची यादी उघडली. पहिल्या फाइलचं नाव : रागिणी. दहा वीस.

"बेटा?"

"शाळेचा प्रकल्प होता, बी." रागिणीचा आवाज तिलाच ऐकू येईना. "न विचारता दाबलं. कागद आला नाई, तं वाटलं आपल्याच्यानं मोडला. अन् मी चूप बसली."

तुबाचं नाव किती झटकन घेतलं होतं आपण!

रजियाबींनी एक ओळ टाईप केली. प्रिंटर खाकरला. आधी रागिणीची बारा पानं आली, बोंडअळीच्या रंगीत चित्रासकट. मग शेतकऱ्यांचे अर्ज. अगदी शेवटी एक एकटं पान. मंगळवारी सकाळी तुबानं टाईप करून छापायला दिलेला, तिचाच अनुभवाचा दाखला. खाली सहीची जागा कोरी.

"सही करतो मी," खुशालरावांनी खिसा चाचपला. "आत्ता करतो."

"तिची माय, अनीसा, भेटली होती सकाळी," रजियाबी हळूच म्हणाल्या. "दाखला नाई म्हणून परवा पोरीले मुलाखतीच्या दारातूनच वापस केलं. पोरगी अजून अकोल्यालेच हाय, मामाच्या घरी."

खुशालरावांचा पेन कागदावर टेकला आणि तिथंच थांबला. शाईचा ठिपका वाढत गेला. मग त्यांनी सही केली.

रागिणीनं पान उचललं. अजून कोमट होतं. अकोल्याची एसटी अर्ध्या तासानं होती. पान वहीत जपून ठेवून ती स्टँडकडे निघाली, तुबाला सगळं आपल्या तोंडानं सांगायला.