फांगसाहेबांचं स्टूल

"उठा. ते फांगसाहेबांचं आहे."

बुटाची नाडी बांधायला जरा टेकलेला तरुण दचकून उभा राहिला. त्याने मागे वळून पाहिलं. लाल प्लॅस्टिकचं साधं स्टूल. शेजारी तशीच आणखी तीन, खासदार फांग यांच्या कार्यालयासमोर फुटपाथवर ओळीने मांडलेली. त्यांच्या खळग्यांत पावसाचं पाणी साचलं होतं.

"चारही साहेबांचीच?"

"चारही. समितीच्या ज्या बैठकीला ते गेले नाहीत, त्या प्रत्येक बैठकीचं एक."

"आणि तुम्ही कोण, स्टूलवाल्या?"

"मतदार," यीरू म्हणाली.

तो हसला. हसताना त्याचा उजवा गाल आधी हसायचा, डावा मागून यायचा. "मी काइचुन. इथेच कामाला आहे. लग्नं आणि मयती माझ्याकडे."

यीरूला हे समजावून सांगायची गरज नव्हती. तैवानच्या कीलुंग बंदरात खासदार संसदेत काय करतो हे कुणी विचारत नाही. मयतीला आला होता का, एवढंच विचारतात. सकाळी उठून कोण गेलं ते शोधायचं, मांडवात टांगायला शोकसंदेशाचा पट पाठवायचा, आणि साहेबांना वेळेवर तसबिरीसमोर नेऊन वाकवायचं, हे काइचुनचं काम.

"चारपैकी तीन वेळा साहेब मयतीला होते," तो गंभीरपणे म्हणाला.

"आणि चौथ्या वेळी?"

"लग्नाला. पण जेवले नाहीत हं."

यीरूने ओठ दाबून धरले. हसायचं नव्हतं… निदान या कार्यालयाच्या दारात तरी नाही. तेवढ्यात सर वाढली. त्याने छत्री उघडली, हिरवी, भलीमोठी, वर फांगसाहेबांचा चेहरा आणि नाव.

"या."

"त्या नावाखाली मी चालणार नाही."

"नाव वरच्या बाजूला आहे. आतून नुसती छत्री आहे."

ती ज्या औषधांच्या दुकानात काम करायची तिथपर्यंत दोघं चालत गेली. त्याचा डावा खांदा वाटभर भिजत होता. यीरूने ते पाहिलं.

त्यानंतर दर शनिवारी ती स्टुलं घेऊन येई, तेव्हा तो दारात उभा असे. पुढे पुढे तर तोच ती मांडू लागला, रुमालाने पुसून.

"पगार कुणाचा खातोस आणि काम कुणाचं करतोस?" ती विचारी. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"साहेब आले तर स्वच्छ जागी बसोत, एवढीच इच्छा."

मग दोघं बंदराच्या कडेला तांदळाच्या पापुद्र्यांचं सूप प्यायला जात. पाण्यावर घारी घिरट्या घालत. सूपवाली मावशी काइचुनला म्हणे, "काय रे, तिला अजून किती दिवस नुसतं सूपच पाजणार आहेस?" तो कानापर्यंत लाल होई, आणि यीरू घारी मोजायला लागे.

तिथेच एकदा तिने त्याला आजीबद्दल सांगितलं. आजी सहा वर्षांपासून घरी अंथरुणाला खिळलेली होती. तिला सांभाळायला आईने बंदरातली नोकरी सोडली. ती नोकरी पुन्हा मिळणार नव्हती. घरातल्या आजाऱ्याला सांभाळणाऱ्यांना पगारी रजा मिळावी, नोकरी शाबूत राहावी, असा कायदा संसदेच्या समितीपुढे होता. फांगसाहेबांचं मत सोडलं तर समिती बरोबर अर्धी-अर्धी फुटली होती. फांगसाहेबांनी भर सभेत, हातात माइक धरून, बाजूने मत द्यायचं कबूल केलं होतं. यीरू आणि तिच्या मंडळातली दहा-बारा माणसं आता तेवढ्याच एका गोष्टीवर डोळा ठेवून होती.

"गुरुवारी सकाळी मतदान आहे," ती म्हणाली. "त्यांना तिथे बसव. एवढंच कर."

"नक्की."

"असं नाही. हात पुढे कर."

त्याने करंगळी पुढे केली. करंगळीत करंगळी अडकली, मग अंगठ्याला अंगठा टेकला. शाळेतली मुलं वचन देतात तसं. अंगठा मात्र त्याने जरा उशिरा काढला… आणि तिनेही.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात आजी गेली. पंचांग पाहणाऱ्याने अंत्यविधीला दिवस काढून दिला तो नेमका गुरुवार. यीरूने काइचुनला निरोप पाठवला – 'आजीचा विधी गुरुवारीच. मला मतदानाचं थेट प्रक्षेपण बघता येणार नाही. तू लक्ष ठेव.'

गुरुवारी रस्त्याच्या कडेला मांडव होता, पिवळी-पांढरी शेवंती, आणि बसायला तीच लाल स्टुलं. विधी निम्मा झाला असेल, तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर आवाज आला, "खासदार फांग स्वतः उपस्थित झाले आहेत!"

माना वळल्या. वडिलांची पाठ ताठ झाली. फांगसाहेबांनी आजीच्या तसबिरीला फुलं वाहिली, तीनदा वाकले. रिवाजाप्रमाणे घरचे उलट वाकले. यीरूही वाकली.

मान वर करताना तिला आठवलं – आज गुरुवार.

साहेबांच्या मागे काइचुन उभा होता, काळ्या कपड्यांत. त्याचे डोळे ओले होते. आयुष्यात देता येईल ते सगळ्यात मोठं देणं त्याने आणलं होतं, असा त्याचा चेहरा होता.

तिने त्याला मांडवाबाहेर गाठलं.

"आज कोणता वार आहे?"

"माहितीये गं. मतदान नेहमी दुपारकडे लोटतं. म्हटलं, इथे पाच मिनिटं, मग गाडीने थेट ताइपे, संसदेत. तुझ्या आजीला शेवटचं… साहेब इतक्या जणांकडे जातात, आणि तुझ्याच घरी नाहीत, असं कसं चालेल?"

फोन वाजला. मंडळातून निरोप होता. मतदान लवकर झालं. मतं समसमान झाली, एका मतासाठी प्रस्ताव पडला.

तिने फोन त्याच्यासमोर धरला. तो वाचत राहिला, एवढीशी ओळ, पण वाचतच राहिला.

"तुम्हा लोकांना मयतीखेरीज काही कळत नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "माझी आई सहा वर्षं घरात अडकली, काइचुन. आणि तू फुलं घेऊन आलास. पुन्हा येऊ नकोस."

तो मांडवाकडे वळून आजीच्या तसबिरीला एकदा वाकला आणि गेला.

त्या शनिवारी पाचवं स्टूल तिने स्वतः मांडलं, स्वतः पुसलं. दारात कुणी नव्हतं. त्याने ताइपेच्या कार्यालयात बदली मागून घेतली, असं आतून कळलं. सूपवाल्या मावशीने वाटीत नुसते दोन पापुद्रे जास्त घातले.

वर्षभराने कायदा पुन्हा समितीपुढे आला. यीरू दुकानाच्या मागच्या खोलीत प्रक्षेपण लावून बसली. फांगसाहेब खुर्चीत होते! त्यांच्या मागच्या बाकावर काइचुन. बराच वेळ गेला. साहेब चुळबुळले, फोन पाहिला, अर्धे उठलेसुद्धा. काइचुनने पुढे होऊन त्यांच्यासमोर चहाचा पेला ठेवला, कानात काहीतरी सांगितलं. साहेब बसले. मतदान झालं. प्रस्ताव एका मताने तरला, आणि पुढच्या महिन्यात सभागृहानेही त्याला मान्यता दिली.

त्यानंतरच्या शनिवारी ती स्टुलं कायमची उचलायला गेली, तर त्यांतल्या एकावर तो बसला होता. पायाशी बॅग.

"उठा, ते…" तिला पुढे बोलता येईना.

"साहेबांचं. माहितीये." तो उठला. उजवा गाल हसला. डावा यायचा राहिला. "निरोप घ्यायला आलोय. पेंगहूला चाललो, बेटावर, गावी. बाबांची एक बाजू गेली, उठवावं-बसवावं लागतं. घरात दुसरं कुणी नाही. नोकरी सोडली."

"पण कायदा…"

"पुढच्या जानेवारीपासून लागू."

मागच्या वर्षी झाला असता तर! दोघांच्याही मनात तेच आलं. तर तो आज नुसता रजेवर असता, आणि परत येणार असता.

"काइचुन, एक सांगायचं राहिलंय." ती हातातल्या स्टुलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "त्या दिवशी फांगसाहेब मांडवात आले ना… लोक वळून बघायला लागले, बाबा असे ताठ झाले… क्षणभर मला बरं वाटलं होतं. अभिमान वाटला होता. मलाही. आणि सगळं तुझ्यावर ढकलून मी मोकळी झाले."

"मला माहीत होतं."

"कसं?"

"सगळे साहेबांकडे बघत होते. मी तुझ्याकडे बघत होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या आजीच्या मांडवात?"

ताइपेची बस समोर येऊन लागली. त्याने बॅग उचलली, मग काहीतरी आठवून पुन्हा खाली ठेवली. खिशातून रुमाल काढला, ओल्या स्टुलावरून फिरवला, नेहमीसारखा, कोपऱ्यांपर्यंत.

"पेंगहूला पाऊस फार नसतो," तो म्हणाला.

"हो… ऐकलंय."

आणखी काही तरी म्हणायला हवं होतं. तिने शब्द शोधले, तोवर तो चढला होता, आणि बस तेवढी थांबली नाही.

वळणापलीकडे बस दिसेनाशी झाली, तेव्हा पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. यीरू पुसलेल्या स्टुलावर बसली, आजवर प्रथमच. ती किती तरी वेळ तशीच बसून राहिली. उठा म्हणायला कुणी आलं नाही.